दुधाच्या हिशेबातली बाग

आमच्या घरामागे बाग आहे, असे मी गेली अडतीस वर्षे लोकांना सांगत आलो आहे. सांगताना 'आमच्या' या शब्दावर किंचित जोर देण्याची मला सवय होती. पाहुणे आले, चहा झाला, की मी त्यांना मागच्या दारी नेई. चार पायऱ्या उतरायच्या, आणि मग हात लांब करून दाखवायचे. ही जास्वंद, हा कढीलिंब, हा दुधीचा मांडव, आणि कोपऱ्यात धुण्याच्या दगडापाशी तो मोगरा. मोगऱ्यापाशी आले की माझा आवाज आपोआप खाली येई. "हा साधा मोगरा नव्हे बरं का! १९८७ साली आमचं लग्न झालं, तेव्हा ही साताऱ्याहून येताना डालड्याच्या डब्यात घालून घेऊन आली. एसटीत सबंध वाट तो डबा हिच्या मांडीवर होता." पाहुणे माना डोलवीत. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून काही न बोलता ऐके. मला वाटे, संकोचली असेल.

या बागेत मी स्वतः काय काम केले, असे कुणी विचारले असते तर माझी पंचाईत झाली असती. नळ चालू राहिला तर मी तो बंद केलेला आहे. एकदा बाजारातून खुरपे आणले आहे. तेही डावखुऱ्याचे निघाले. बाकी बाग आपोआप होते अशीच माझी समजूत होती. पावसाळ्यात अळू येते, थंडीत झेंडू येतो, चैत्रात मोगरा येतो. सकाळ झाली की वर्तमानपत्र येते, त्यातलाच हा प्रकार.

२०२४ च्या डिसेंबरात हिचा पाय न्हाणीघरात घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बजावले, तीन महिने उकिडवे बसायचे नाही, जिना नाही, पायऱ्या नाहीत. म्हणजे मागच्या दाराच्या त्या चार पायऱ्या हिला बंद झाल्या. आम्ही हिची खुर्ची मागच्या खोलीच्या खिडकीशी ठेवली. तिथून जास्वंद दिसे, दुधीचा मांडव दिसे, मिरचीचा वाफा दिसे. दिसत नसे तो फक्त धुण्याच्या दगडाचा कोपरा. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

"बागेचं मी बघतो," मी म्हणालो.

हिने माझ्याकडे जरा वेळ पाहिले. मग म्हणाली, "बघू नका. करा."

निवृत्त माणसाला काम मिळाले की त्याच्या अंगात येते. जानेवारीच्या अखेरीस मी एम्प्रेस गार्डनमध्ये सालाबादप्रमाणे भरणारे पुष्पप्रदर्शन पाहून आलो आणि येताना बियांची सात पाकिटे घेऊन आलो. मिरची मी कुंडीत पेरली. आठव्या-दहाव्या दिवशी इवली इवली दुपानी रोपे वर आली. मला भरून आले. इतक्या लहान जिवांना तहान लागत असेल, या विचाराने मी त्यांना सकाळी, दुपारी, संध्याकाळी झारीने पाणी घालू लागलो. एके सकाळी पाहतो तो निम्मी रोपे जमिनीलगत मऊ पडून आडवी झालेली. दुसऱ्या दिवशी उरलेली. मी खिडकीशी जाऊन सांगितले. ही म्हणाली, "मर लागली. माती सदा ओली राहिली की रोप मानेत कुजतं. बोट घालून बघायचं. बोटाला माती कोरडी लागली तरच पाणी."

मग हळद. पाने पिवळी पडून माना टाकतात, तेव्हा कंद काढायचे. मी कुदळ घेतली आणि चांगला जोर लावून मारली. हळद निघाली, पण अर्धी हळकुंडे दुभंगून निघाली. खिडकीतून सूचना आली, "झाडापासून वीतभर लांबून खणायचं हो! आणि गड्डे राखून ठेवा, ते पुढच्या लावणीला लागतात." ही सूचना आली तोवर गड्ड्यांचेही तुकडे झाले होते.

जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे काहीतरी दिसू लागले, आणि त्यावरून मुंग्यांची रांग. मी मुंग्यांच्या मागे लागलो. चार दिवस मुंग्या मारल्या. पांढरे वाढतच गेले. तेव्हा कळले की खरा चोर तो पांढरा पिठ्या ढेकूण. तो झाडाचा रस शोषतो आणि अंगातून गोडसर पाणी सोडतो. मुंग्या त्या गोडाच्या लोभाने येतात, आणि बदल्यात ढेकणांची राखणही करतात. साबणाच्या पाण्याने एकेक शेंडा धुऊन काढला तेव्हा जास्वंद मोकळी झाली. सदतीस वर्षे देवासमोर जास्वंद होती. ती कुणी धुतली असेल, हा प्रश्न माझ्या मनाला कधी शिवला नव्हता.

दुधीने मात्र मला गोंधळात टाकले. मांडवभर पांढरी फुले, पण दुधी एक नाही. फूल उमलायचे, कोमेजायचे आणि गळून पडायचे. हिने विचारले, "फुलाच्या मागे इवलासा दुधी आहे का बघा." नव्हता. "मग ती नरफुलं. वेलाला आधी तीच येतात. मादीफूल नंतर येतं, त्याच्या मागे बोटाएवढा दुधी असतो. आणि दुधीचं फूल उमलतं संध्याकाळी. मधमाशा तेव्हा घरी जातात. रात्रीचे पतंग आले तर आले, नाहीतर आपणच जायचं." त्यानंतर आठ-दहा दिवस, संध्याकाळच्या बातम्या सोडून, हातात विजेरी घेऊन मी मांडवाखाली उभा राहू लागलो. नरफूल तोडायचे, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि त्याचा परागकोश मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचा. शेजारच्या गच्चीवरून एकदा कुणीतरी "काय हरवलं का?" असे विचारले. मी "हो" म्हणालो. खरे सांगणे वयाला शोभले नसते.

पाच दुधी धरले. त्यातला एक घुशीने रात्रीत कुरतडला. उरलेले चार मी स्वतःच्या हाताने तोडले, आणि माझ्या मनात बागाईतदाराचा अभिमान दाटला. तोच मोगऱ्याला नडला.

मोगऱ्याचे तंत्र ऐकायला सोपे आणि करायला कठीण आहे. थंडीत त्याचे पाणी तोडायचे. तीन-चार आठवडे थेंब द्यायचा नाही. पाने पिवळी पडतात, गळतात, झाड मेल्यासारखे दिसते. मग जानेवारीत त्याला हात-दीड हात ठेवून छाटायचे, बुंध्याभोवतीची माती उकरून मुळांना थोडी हवा द्यायची, कुजलेले शेणखत आणि निंबोळी पेंड घालून आळे भरायचे, आणि मग पाणी सुरू करायचे. मोगऱ्याला फूल येते ते नव्या फुटीच्या शेंड्याला. फूट जोरात यावी म्हणून आधी त्याला उपाशी ठेवायचे. संत्रा-मोसंबीवाले, डाळिंबवाले हेच करतात. त्यांच्या भाषेत याला ताण देणे म्हणतात, आणि ताण कधी दिला त्यावर आंबे बहार, मृग बहार की हस्त बहार ते ठरते. नुसते लाड केले तर झाड पाने काढीत बसते.

हिने डिसेंबरातच, दवाखान्याच्या खाटेवरून, सांगितले होते, "मोगऱ्याचं पाणी तोडा." मी तोडले. पाच दिवस. सहाव्या दिवशी मी धुण्याच्या दगडापाशी गेलो तर पाने मलूल झालेली. घरात एक माणूस अंथरुणाला खिळलेले, आणि कोपऱ्यात हे झाड तहानेने माना टाकते आहे. माझ्याने पाहवेना. मी अर्धी बादली ओतली. मग रोजच ओतू लागलो. ही विचारी, "पानं पिवळी झाली का?" मी म्हणे, "होताहेत." मोगरा हिरवागार होता.

छाटणीही माझ्याकडून लांबली. हिरवेगार झाड कापायला हात धजेना. महाशिवरात्र उलटल्यावर एकदाची कात्री चालवली. आणि मग कॅलेंडर पाहून माझ्या पोटात गोळा आला. पाडवा ३० मार्चला. त्यानंतर चैत्रगौर बसायची, ती ३० एप्रिलच्या अक्षय्यतृतीयेपर्यंत. हिच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे आणि घरच्या मोगऱ्याचा गजरा हे कधी चुकले नव्हते. येणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात ही आपल्या झाडाची फुले ठेवी. यंदा ही स्वतः उठून काही करू शकणार नव्हती. निदान गजरा तरी चुकू नये, असे मला फार वाटू लागले.

गेलेला वेळ भरून काढायचा तर खत हवे. शेणखत सावकाशीचे. मी युरिया आणला. त्यात शेकडा ४६ भाग नत्र असते, हे मी पोत्यावर वाचले आणि खूश झालो. चिमूट घालायची तिथे तीन मुठी घातल्या. वाटले, जेवढे जास्त तेवढे लवकर.

त्याचे काय होते ते आता मला नीट समजले आहे. आळ्यातल्या पाण्यात खताचा अंश फाजील झाला की मुळे पाणी ओढून घेण्याऐवजी उलट मुळांतलेच पाणी बाहेर ओढले जाते. ओल्या मातीत उभे राहून झाड तहानेने मरते. चौथ्या दिवशी नव्या फुटीच्या कडा तपकिरी झाल्या. आठवड्यात काड्या वाळल्या. मी बादल्यांवर बादल्या ओतून खत धुऊन काढण्याचा प्रयत्न केला. उपाय बरोबर होता, पण तो पहिल्या दिवशी करायचा होता. वर मार्चचे ऊन. पाडव्याला गुढीसाठी कडुलिंब आणायला मागे गेलो तेव्हा मोगऱ्याची एक काडी सहज वाकवून पाहिली. कट् असा आवाज झाला.

रात्री झोप येईना. मोबाइलवर मोगरा वाचवण्याचे उपाय शोधीत बसलो. उपाय सापडला नाही, पण एक विचित्र दिलासा सापडला. लिनिअससारख्या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली मोगऱ्याला पारिजातकाच्या गोत्रात घातले होते. पुढे १७८९ साली एटन नावाच्या दुसऱ्या एका तज्ज्ञाने त्याला तिथून उचलून जाई-जुईच्या मंडळींत बसवले. म्हणजे मोगऱ्याच्या बाबतीत मोठमोठी माणसे चुकली आहेत! पण लिनिअसची चूक दुरुस्त करता आली. माझी येत नव्हती.

हिला सांगितले नाही. "कळ्या धरल्या का हो?" हिने विचारले, तेव्हा मी "अजून नाही" म्हणालो, आणि ते अक्षरशः खरे होते. पुढच्या आठवड्यात एका रोपवाटिकेतून कळ्यांनी भरलेला एक मोगरा आणला आणि रात्री, घुशीसारखा, त्याच आळ्यात लावला. चार कळ्या उमलल्यावर ओंजळीत घेऊन हिच्या पुढे धरल्या. कळी लांबट, टोकदार. हिने एक फूल उचलले, वास घेतला, बोटांत फिरवले.

"हा मदनबाण आहे," ही म्हणाली. "आपला बटमोगरा. त्याची कळी गोल असते. आपला केव्हा गेला?"

मी खाली बसलो. डिसेंबरातल्या अर्ध्या बादलीपासून तीन मुठींपर्यंत सगळे सांगितले. वाटले होते, रागावेल. रागावली असती तर बरे वाटले असते. ही म्हणाली, "मला मावशींनी पाडव्यालाच सांगितलं होतं. धुणं त्याच दगडावर होतं ना? तुम्ही कधी सांगता, ते बघत होते." आणि जरा थांबून, "माळ्यावर कॅलेंडरांचा गठ्ठा आहे, तो काढा."

आमच्या घरी भिंतीवरचे कॅलेंडर दुधाच्या हिशेबाला वापरतात, एवढे मला ठाऊक होते. तारखेच्या चौकोनात दीड, दोन, खाडा. वर्ष संपले की ही ते गुंडाळून सुतळीने बांधून ठेवी. कशासाठी, हे मी विचारले नव्हते. मी गठ्ठा सोडला. दुधाच्या आकड्यांखाली, बारीक अक्षरात, बाग होती.

'मिरची ४० रोपे. जगली ६.'

'पपया चार. चारही नर. तोडल्या.'

'दुधीला मांडव केला. मांडव चांगला झाला.' त्या वर्षी दुधी नव्हता, हे पुढच्या महिन्यांवरून कळत होते.

'घुशीने अळकुड्या नेल्या.'

'गुलाब गेला. परत गुलाब लावायचा नाही.' आणि पुढच्याच वर्षी, जानेवारीत, 'गुलाब आणला.'

पानामागून पान मी उलटीत होतो. अडतीस वर्षांत मला ज्या बागेत फुलांखेरीज काही दिसले नव्हते, तिथे इतके काही मेले होते, कुजले होते, उंदीर-घुशींनी नेले होते. माझ्या तीन महिन्यांच्या सगळ्या फजित्या त्यात होत्या, बहुतेक एकाहून अधिक वेळा. हिने त्यांच्यावर कधी चहाच्या वेळी व्याख्यान दिले नव्हते. एका चौकोनात बसेल एवढे लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पायऱ्या उतरायच्या.

"१९९४ बघा. एप्रिल."

मी पाहिले. दूध दीड. खाली लिहिले होते, 'मोगरा जळला. खत जास्त. माझीच चूक. यांना सांगितले नाही.'

आणि जूनमध्ये, माहेरी जाऊन आल्याच्या तारखेला, 'आईकडून मोगरा आणला. त्याच जागी लावला.'

मी हिशेब करू लागलो. १९९४ पासून म्हणजे एकतीस वर्षे मी पाहुण्यांना डालड्याच्या डब्याची गोष्ट सांगत होतो, आणि ते झाड डब्यातले नव्हतेच. दोन-अडीच महिने तो कोपरा रिकामा होता, आणि मी त्याच घरात राहून ते पाहिले नव्हते.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही तेव्हा नुकतीच ती डब्याची गोष्ट सांगायला लागला होतात. इतकी आवडायची तुम्हाला! मग म्हटलं, राहू दे. डबा गेला, गोष्ट तरी राहू दे."

यावर मला काही बोलता आले नाही. मी कॅलेंडरे पुन्हा गुंडाळू लागलो, पण सुतळीची गाठ नीट बसेना.

हळदीकुंकू झाले. गजरे मी मंडईतून आणले. हिने खुर्चीत बसून प्रत्येक बाईला फुले दिली, आणि प्रत्येकीला हसत सांगितले, "यंदा विकतचा हो! घरचा यांनी जाळला." मी आतल्या खोलीत पन्ह्याचे पेले भरीत होतो. माझे कान तापले, पण खरे सांगायचे तर मन हलके झाले. घरातली एक चूक प्रथमच मोठ्याने बोलली गेली होती, आणि गौर काही आसनावरून उठून गेली नव्हती.

त्या बायकांत पलीकडच्या गल्लीतल्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, मग काळजी कसली? माझ्या कुंपणाला आहे तो तुमचाच. पंधरा वर्षांपूर्वी तुम्हीच नव्हती का फांदी दिलीत?" त्यांनी दुसऱ्या दिवशी आपल्या मोगऱ्याची एक खालची फांदी वाकवली, मधोमध जराशी खरवडली आणि मातीत दाबून वर वीट ठेवली. पावसाळ्यापर्यंत तिला मुळे फुटली. आषाढात त्यांनी ती मूळ झाडापासून कापून आमच्याकडे आणून दिली. साताऱ्याचे झाड आमच्याकडून गल्लीपलीकडे गेले होते, ते परत आले. बागेत जे वाटून टाकावे तेच शेवटी शिल्लक राहते, असे हिचे म्हणणे. मी तिच्या बोलण्यावर शंका घेण्याचे आता सोडले आहे.

जुना मोगरा मी उकरून काढला. मुळे पार वाळली होती. मदनबाण दुसऱ्या कोपऱ्यात हलवला. तोही जगला आहे, त्याचा काय अपराध? मागच्या चार पायऱ्यांना मी एका बाजूने लोखंडी कठडा बसवून घेतला. गणपतीच्या सुमारास ही त्याला धरून, एकेक पायरी आडवे पाऊल टाकीत, नऊ महिन्यांनी बागेत उतरली. सगळीकडे फिरून झाल्यावर नव्या मोगऱ्यापाशी उभी राहिली, आणि वाकता येत नाही म्हणून मला म्हणाली, "बोट घालून बघा." मी घातले. माती कोरडी लागली. मग पाणी घातले, बेताचे.

आता दिवाळी आली. महिन्याभराने थंडी पडेल, पाणी तोडण्याचे दिवस येतील. पण पहिल्या वर्षी कोवळ्या रोपाला ताण द्यायचा नसतो, असे हिने सांगितले आहे, आणि ते ऐकून मी सुटकेचा निःश्वास टाकला आहे. पुढच्या वर्षी मात्र तोडावे लागेल. झाड डोळ्यांदेखत माना टाकील आणि मला हातातली बादली रिकामीच ठेवावी लागेल. जमेल की नाही, ठाऊक नाही.

दूध हल्ली पिशवीतून येते, त्यामुळे कॅलेंडरावर हिशेब राहिलेला नाही. चौकोन कोरे असतात. परवा मी पेन घेऊन उभा राहिलो आणि बारीक अक्षरात लिहिले, 'मोगऱ्याला नवी फूट. दोन.' लिहून झाल्यावर आतून विचारणा झाली, "काय लिहिलंत?"

मी वाचून दाखवले.

"मिरचीचंही लिहा," ही म्हणाली. "परत मर लागली आहे."

मी तेही लिहिले.